सोळाशे फुल्यांची भेट

चाळीस घरं रुंद आणि चाळीस घरं उंच अशी एखादी लहानशी नक्षी घ्या. इंचाला चौदा घरं असलेल्या मॅटीवर ती सव्वासात सेंटिमीटरची होते, तळहातावर मावते. काठोकाठ भरली तर सोळाशे फुल्या. सरावलेला हात तासाला सव्वाशे फुल्या घालतो असं धरलं, तरी नुसतं भरायलाच तेरा तास जातात. मागचा पुठ्ठा, कापूस, अस्तर, कडेची पिळाची दोरी हे सगळं वेगळं. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. त्या दराने मजुरी लावली, तर ख्रिसमसच्या झाडाला टांगायची ही चिमुकली वस्तू, म्हणजे ऑर्नमेंट, नव्वद डॉलरच्या पुढे जाते. दुकानात चमकत्या गोळ्यांचा डझन त्याच्या पावपट पैशांतही मिळतो.

म्हणून हे काम विकायला सहसा कोणी बसत नाही. ते वाटलं जातं. घरच्यांना वाटतातच, पण तितक्याच हौसेने ते भरतकाम करणाऱ्या दुसऱ्या बाईलाही पाठवलं जातं, आणि पाठवणारीने तिला पुष्कळदा पाहिलेलंही नसतं. उन्हाळा सरला की नावं गोळा होतात, जोड्या लागतात आणि थँक्सगिव्हिंगच्या आसपास जाड पाकिटं टपालात पडू लागतात. लांबून पाहणाऱ्याला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, त्याचे स्वतःचे कायदे आहेत आणि रुसवेफुगवेही आहेत.

अमेरिकेत तयार झालेला सर्वांत जुना ज्ञात सँप्लर मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिल्ग्रिम हॉल म्युझियममध्ये आहे. तो लोरा स्टँडिशचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा. प्लिमथ वसाहतीचा सेनानी मायल्स स्टँडिश याची ही मुलगी. वडिलांच्या आधीच ती वारली. सँप्लर म्हणजे टाके, अक्षरं आणि आकडे यांची भरलेली पट्टी. पुढच्या दोन शतकांत मुलींच्या शाळांत तो जवळजवळ सक्तीचाच झाला. चादरी-टॉवेलांवर घराची आद्याक्षरं घालता यावीत हा व्यवहारी हेतू होता, आणि मुलगी शिकलेली व निगुतीची आहे हे बैठकीच्या भिंतीवरून पाहुण्यांना कळावं हा दुसरा. आपल्याकडे रुखवतात मांडलेला मॅटीवरचा राघू आणि काचेत बसवलेलं ‘सुस्वागतम्’ हेच काम करत आले. न्यूयॉर्कच्या आफ्रिकन फ्री स्कूलमधल्या रोझेना डिझेरीचा १८२०चा सँप्लर जपलेला आहे. त्या राज्यात गुलामगिरी १८२७ मध्ये संपली. त्याच्या सात वर्षं आधी एका कृष्णवर्णीय मुलीने स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव टाक्यांत लिहून ठेवलं, त्याचं वजन इतर सँप्लरांपेक्षा निराळं आहे. बाजाराला मात्र ह्या जुन्या कापडांची किंमत फार उशिरा कळली. न्यू जर्सीच्या मेरी अँट्रिमचा १८०७चा सँप्लर जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. जिवंत हाताला किमान वेतन नाही आणि दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या हाताला दहा लाख!

पण सँप्लर भिंतीवर लागायचा, वाटला जायचा नाही. देवाणघेवाणीचं मूळ मला क्वेकर पंथाच्या शाळांत जास्त स्पष्ट दिसतं. इंग्लंडमधली अ‍ॅकवर्थ शाळा १७७९ची, आणि तिच्या वळणावर गेलेली पेनसिल्व्हेनियातली वेस्टटाउन १७९९ची. इथल्या मुली अष्टकोनी पदकांची नक्षी भरत आणि पदकांच्या आत मैत्रिणींची, शिक्षिकांची आद्याक्षरं घालत. त्याच पदकांचे रेशमी, मुठीएवढे गोल टाचणीगोळे करून त्या एकमेकींना देत, त्यावर नाव, साल आणि कधी स्नेहाचा एखादा शब्द. लहान आकार, देणारीचं नाव, साल आणि घेणारीलाही तेच काम येत असणं हे आजच्या देवाणघेवाणीचे चारही खांब तिथे उभे आहेत. आजच्या ऑर्नमेंटच्या नमुन्यांत ती क्वेकर पदकं अजून हमखास भेटतात. १८४०च्या दशकात हीच वृत्ती गोधड्यांत उतरली. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबासाठी शेजारणी एकेक चौकोन करत, त्यावर न पुसणाऱ्या शाईने सही करत आणि जोडून देत. बाल्टिमोरच्या अल्बम गोधड्या याच काळातल्या.

मग विकायचा प्रयत्न कधी झालाच नाही का? झाला, आणि मोठ्या प्रमाणावर झाला. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात कँडेस व्हीलर यांनी लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्कचं काम पाहिलं. यादवी युद्धानंतर कमावता पुरुष गमावलेल्या, पण नोकरीला बाहेर पडणं ‘घरंदाजपणात’ न बसणाऱ्या बायका भोवती पुष्कळ होत्या. व्हीलरबाईंनी १८७७ मध्ये न्यूयॉर्कला सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट काढली. तिथे फक्त उत्तम कलाकुसर घेत असत, त्यामुळे गरजू बायका दारातूनच परतू लागल्या. म्हणून पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क एक्स्चेंज फॉर विमेन्स वर्क निघालं. तिथे लोणचं-मुरंब्यापासून भरलेल्या रुमालापर्यंत सगळं चालत असे. अशी दुकानं मग शहरोशहरी झाली. माल देणारीचं नाव गुप्त राही, वस्तूवर फक्त क्रमांक. हाताला पैसा मिळाला, पण त्यावरचं नाव गेलं. न्यूयॉर्कचं ते दुकान २००३ मध्ये बंद झालं.

त्याच काळात, १८८६ ते १८८८, पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या. तिथल्या बायका संस्था कशा उभारतात, वर्गण्या कशा जमवतात हे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि १८८९च्या आपल्या मराठी प्रवासग्रंथात लिहून ठेवलं. बॉस्टनला १८८७च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनमागे असेच हात होते. अमेरिकन बायकांचं सुईकाम आणि त्यांचं संस्थाकारण हे एकाच दिवाणखान्यात वाढलं, हे आजच्या देवाणघेवाणीतली शिस्त पाहताना लक्षात ठेवायला हवं.

आता झाड. ख्रिसमसचं झाड अमेरिकेत जर्मन वसाहतकऱ्यांनी आणलं. १८५० मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ मासिकाने व्हिक्टोरिया राणीच्या झाडाचं चित्र छापलं, राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून, म्हणजे ते चित्र सरळ अमेरिकन घरातलं वाटावं! हेच मासिक बर्लिन लोकरकामाचे, म्हणजे लोकरीने भरायच्या फुल्यांचे, चौकटीचे नमुनेही छापत असे. झाड आणि फुलीचा टाका असे एकाच मासिकातून घराघरांत शिरले. झाडावरच्या वस्तू मात्र पुढे बाजाराने पळवल्या. दुकानदार वूलवर्थने १८८०च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या दुकानात जर्मन काचगोळे विकायला ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीची आयात थांबणार हे दिसल्यावर कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे फुंकणाऱ्या यंत्रावरच गोळे काढायला सुरुवात केली.

हाताचं ऑर्नमेंट परत आलं ते १९७०-८०च्या दशकांत. त्याआधीच्या अमेरिकन घरांत फुल्या असायच्या, पण कापडावर निळ्या शाईने छापलेल्या. त्यावरून फक्त सुई फिरवायची. कोऱ्या कापडावर मोजून भरण्याची पद्धत पुन्हा रुजली त्यात डेन्मार्कच्या नमुन्यांचा वाटा मोठा. १९८३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमहून फिलिस हॉफमन यांनी ‘जस्ट क्रॉसस्टिच’ मासिक काढलं. त्याचा वार्षिक ऑर्नमेंट विशेषांक हे आज ह्या मंडळींचं पंचांग आहे. तो हाती आला की कोणती नक्षी कोणासाठी, हे ठरू लागतं. नमुने काढणाऱ्या प्रेरी स्कूलरने १९८४ पासून दरवर्षी एक सांता काढला आणि लोक ते वर्षावार जमवू लागले. विस्कॉन्सिनच्या मिल हिलचे भोकांच्या कागदावर मणी ओवून भरायचे संच निघाले. हळूहळू ऋतू वाढले. हॅलोविनचा भोपळा, थँक्सगिव्हिंगचा टर्की, चार जुलैचा झेंडा, वसंतातली अंडी. एक फूटभर उंचीचं झाड वर्षभर मांडून ठेवायचं आणि महिन्यागणिक त्यावरची पिकं बदलायची.

पांढरपेशा बायकांचाच हा छंद, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नोंदी. फुटबॉलपटू रोझी ग्रिअर यांनी १९७३ मध्ये पुरुषांसाठी नीडलपॉइंटचं पुस्तक लिहिलं. आणि डॅलसच्या जूली जॅक्सन यांनी २००३ मध्ये फुलापानांच्या चौकटीत शिव्या भरायची चाल पाडली; ती अजून जोरात आहे. मला त्यातली बरीचशी गंमत पहिल्या शिवीनंतर संपते.

देवाणघेवाणीची रीत साधारण अशी. आधी विषय ठरतो. इच्छुक बाई आपली आवड-नावड लिहून देते: कुठले रंग नकोत, पाठवणारीच्या घरात मांजर चालेल का, सिगारेटचा वास चालेल का, घरी ख्रिसमस करतात की हनुका. मांजराची चौकशी चेष्टेची नाही. केसांची अ‍ॅलर्जी असलेल्या बाईला प्रेमाने भरलेलं पाकीट दारातच ठेवावं लागतं. मग जोड्या लागतात. बहुधा जिला पाठवायचं ती वेगळी आणि जिच्याकडून येणार ती वेगळी, म्हणजे तुलना टळते. पाठवायची शेवटची तारीख ठरते. मागच्या बाजूला आद्याक्षरं आणि साल घालणं हा अलिखित नियम. मधल्या काळात काय भरतोय याची वाच्यता नाही. एम्ब्रॉयडरर्स गिल्ड ऑफ अमेरिका ही संस्था १९५८ मध्ये लंडनच्या गिल्डची शाखा म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये स्वतंत्र झाली. अशा मंडळांच्या स्थानिक शाखांत डिसेंबरच्या सभेत हे काम समोरासमोर होतं.

समोरासमोरचा एक प्रकार मला पटत नाही, तो यांकी स्वॅप. चिठ्ठ्यांच्या क्रमाने एकेकीने पुडी उचलायची, आणि नंतरचीला आधीच्या कोणाचीही पुडी हिसकावून घ्यायची मुभा. विकतच्या मेणबत्त्यांसाठी हा खेळ झकास आहे. हातच्या कामासाठी तो क्रूर ठरतो. एकच ऑर्नमेंट पाच जणी पळवतात आणि एक कोपऱ्यात तसंच पडून राहतं. ते जिने केलं, ती हसत टाळ्या वाजवत त्याच खोलीत बसलेली असते.

राउंड रॉबिनचं तत्त्व मात्र भिशीसारखं आहे. सहा-आठ जणी आपापलं कापड पुढच्या घरी पाठवतात, प्रत्येक घरी एक चौकोन भरला जातो, वर्षभराने प्रत्येकीचं कापड सगळ्यांचे हात घेऊन परत येतं. यात वस्तू अप्रतिम होते आणि धोकाही तितकाच मोठा, कारण एकीने उशीर केला की सगळी साखळी अडते आणि एक पाकीट हरवलं तर पाच जणींचं काम जातं. ऑर्नमेंटच्या देवाणघेवाणीत एखादी बाई भेट घेते आणि पाठवत नाही, असंही होतं. त्यावर या समाजाने काढलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. रिकाम्या हाताने राहिलेल्या बाईसाठी दुसरी कोणी आपणहून ऑर्नमेंट भरते. तिला ‘एंजल’ म्हणतात आणि बदल्यात तिला काही मिळत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने १९२५ मध्ये भेटीवर जो निबंध लिहिला, त्यात देणं, घेणं आणि परत देणं ही तीन बंधनं सांगितली. या मंडळींनी तिसरं बंधन थोडं वळवलं आहे. परतफेड होते, पण दुसऱ्या घरी. आपल्या आहेराच्या वहीतली आकड्याला आकडा जुळवण्याची चाल इथे मुद्दाम मोडलेली आहे. तरीही हिशेब मागच्या दाराने येतोच, तो ‘सोबतच्या वस्तूं’तून. पूर्वी ऑर्नमेंटबरोबर दोऱ्याची एखादी लडी जायची. आता रंगीत कापड, कात्री, तिच्या कडीला लटकवायचा गोंडा, सुयांची डबी, चॉकलेट, कॉफीचा मग. डबा उघडताना खऱ्या कामाआधी पन्नास डॉलरची दुकानदारी बाहेर पडते. ज्या बाईचा हात चांगला पण खिसा तोकडा, ती पुढच्या वर्षी नाव देत नाही. माझ्या मते या प्रथेला लागलेली ही सर्वांत मोठी कीड. ज्या गटांनी ‘ऑर्नमेंट आणि पत्र, बाकी काही नाही’ असा नियम केला, त्यांनी शहाणपणा केला.

दुसरी अडचण कारागिरीची आहे. भरणं पुष्कळ जणींना येतं. वस्तू पुरी करणं थोड्यांना. भरलेला चौकोन पुठ्ठ्यावर ताणून बसवायचा, कोपरे चपटे करायचे, पाठीला शोभेसं कापड लावायचं, दोरी अशी टाचायची की सांधा दिसू नये. हे शिवणकाम आहे, भरतकाम नव्हे, आणि ते नमुन्याच्या कागदावर क्वचितच सांगितलेलं असतं. पैसे घेऊन हे करून देणाऱ्या बायका आहेत, पण ख्रिसमससाठीचं काम त्यांच्याकडे महिनेच्या महिने आधी द्यावं लागतं. परिणामी घरोघरच्या खणांत भरलेले, न शिवलेले चौकोन साठतात. देवाणघेवाणीची तारीख त्यांना खणाबाहेर काढते, हा तिचा मोठाच उपकार.

पाठ पाहायची की नाही, हा वाद जुनाच. पाठीवर दोऱ्यांचं जाळं असलं तरी अस्तराआड ते झाकतं, असा एक पक्ष. मी दुसऱ्या पक्षाची. गडद दोरा पांढऱ्या कापडामागून लांब ओढत नेला की पुढून सावली दिसतेच. आणि सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, यावर तर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. हे फक्त भरणारीच्या नजरेला कळतं. नवऱ्याला, मुलांना ऑर्नमेंट ‘छान’ दिसतं. दोन छटांमधला फरक कसा साधला, अर्धी फुली कुठे टाकली, कुठे उसवून परत भरलं, हे दुसरी भरणारीच वाचते. अनोळखी बाईला तेरा तासांचं काम पाठवण्यामागचं खरं कारण मला हेच वाटतं. इथे वस्तूला जाणकार डोळे मिळतात.

ही भाषा देशाबाहेरही चालते. फ्रान्सच्या डीएमसीच्या, म्हणजे १७४६ साली म्युलूझमध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या दोऱ्यांच्या पाचशे छटा आहेत, आणि ३१० म्हटलं की अमेरिकेतल्या कुठल्याही भरणारीला काळा रंग डोळ्यांपुढे येतो. पुण्या-मुंबईत अँकरच्या लड्या वापरणारी त्याच रंगाला ४०३ म्हणेल. बेळगाव-धारवाडकडच्या कशिद्यात, म्हणजे कसुतीत, हीच फुली ‘मेंथी’ या नावाने इरकली लुगड्यांवर शतकानुशतकं आहे, आणि तीही घरं छापून नाही, धागे मोजूनच घालतात.

नमुन्यांच्या हक्काचा प्रश्न थोडक्यात. विकत घेतलेला मूळ कागद दुसरीला देणं अमेरिकन कायद्यात चालतं, म्हणून एकच नमुना घरोघर फिरवायचा आणि प्रत्येकीने कोपऱ्यात सही करून पुढे पाठवायचा, अशीही साखळी असते. झेरॉक्स काढून वाटणं चालत नाही. बहुतेक नमुनेकार घरातून एकटीने धंदा करणाऱ्या बायका आहेत, आणि फुकट वाटलेल्या प्रतींनी त्यांचंच पोट मारलं जातं. मैत्रीच्या नावाखाली हे होतं, म्हणून जास्त खटकतं.

साहित्याची दुकानं आटताहेत. १९४३ मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालेल्या जोअ‍ॅन या दुकानसाखळीने २०२५ मध्ये आपली सुमारे आठशे दुकानं बंद केली, आणि कित्येक गावांत लडी हातात घेऊन रंग जुळवायची जागाच गेली. त्याच वर्षी २९ ऑगस्टपासून परदेशातून येणाऱ्या आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी अमेरिकेने थांबवली. शंभर डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट तेवढी सुटली. भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं ऑगस्टच्या अखेरीस थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू केली. आमच्या सोळाशे फुल्या मजुरी धरूनही शंभराच्या आत बसतात. कस्टमच्या कागदावर काय किंमत लिहायची हा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. पाच डॉलर लिहिलं तर कामाचा अपमान, नव्वद लिहिलं तर अधिकाऱ्याचा विश्वास नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी ख्रिसमसचं झाड येतं, आणि जानेवारीत शनिवार-रविवार गाठून संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण लुटणं ही आपली देवाणघेवाण. तिचाही प्रवास तोच झाला: सुगड, हळदीकुंकवाची पुडी, मग स्टीलची वाटी, आणि आता घाऊक दुकानातले प्लॅस्टिकचे डबे, जे पुढच्या हळदीकुंकवात दुसऱ्या घरी सरकतात. मंडळांतून भरतकाम येणाऱ्या बायका काही कमी नाहीत. शाळेत मॅटीवर फुल्या घातलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे आणि त्यांच्या सुना-मुली इथल्या गटांतून नव्याने शिकताहेत. तेव्हा मंडळाच्या चालकांना एक सुचवावंसं वाटतं. सगळ्यांसाठी नको, ज्यांना हौस आहे अशा आठ-दहा जणींचीच यादी करा. विषय तिळगूळ, पतंग, हलव्याचे दागिने, काहीही. आकार चाळीस घरांच्या आत, मागे नाव आणि साल, सोबत फक्त तिळाची वडी. कोण कोणाला देणार ते चिठ्ठ्यांनी ठरवा, पळवापळवी नको. ज्या सुनेला पुठ्ठ्यावर चढवता येत नाही, तिला डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी सासूबाईंच्या वयाच्या कुणी शिकवावं. नावं मात्र दिवाळीच्या आधी घ्या. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर भरणाऱ्या बाईला फुल्या आणि शिवण मिळून तीन आठवडे तरी लागतात, आणि त्यात थँक्सगिव्हिंगचे पाहुणेही येऊन जातात.